वार्ता वाहणारे आणि वार्ता सांगणारे

जुन्नर तालुक्यातील वारूळवाडी हे गाव पुणे-नाशिक रस्त्यावर नारायणगावाला अगदी लागून वसलेले आहे. नकाशावर ते चटकन सापडावयाचे नाही. परंतु या गावाच्या आसपासच्या काही कोसांत हिंदुस्थानच्या दूरसंचाराचा आणि आकाशविद्येचा जेवढा इतिहास घडला, तेवढा मोठमोठ्या शहरांच्या वाट्यालाही आलेला नाही. जवळच आर्वी येथे विक्रम उपग्रह भूकेंद्र उभे राहिले. व्यापारी उपयोगासाठी उभारलेले ते या देशातील पहिले उपग्रह भूकेंद्र होय. डॉ. विक्रम साराभाई यांचे नाव त्यास देण्यात आले आणि १९७२ साली त्याच्या चित्राचे टपाल तिकीटही निघाले. मुंबईचा माणूस लंडनशी दूरध्वनीवर जे बोले, ते शब्द हिंदी महासागरावरील उपग्रहाकडे जाताना याच माळावरून झेपावत. पुढे खोडद येथे डॉ. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण उभी राहिली. तिच्या तीस तबकड्या आहेत, प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर आहे आणि पंचवीस किलोमीटरच्या टापूत त्या पसरल्या आहेत. कोट्यवधी वर्षांपूर्वी निघालेली हाक ऐकण्यासाठी हा परिसर निवडला गेला, कारण भोवताली डोंगर आहेत आणि माणसाने निर्माण केलेला रेडिओगोंगाट येथे कमी होता.

आकाशातील अतिदूरची हाक ऐकणाऱ्या या मुलखात गावकुसाबाहेरची हाक कोणी ऐकली काय, हा प्रश्न आम्ही आज आपणापुढे मांडत आहो. कोणी म्हणेल की दुर्बिणीचा आणि वस्तीचा काय संबंध? संबंध आहे, आणि तो फार जुना आहे.

तारायंत्र नव्हते, टपाल नव्हते, दूरध्वनी नव्हता, तेव्हा महाराष्ट्रातील गावाचे दळणवळण कोण चालवीत होते? महार चालवीत होता. सरकारी कागद एका गावाहून दुसऱ्या गावाला त्याने न्यावयाचा. पाटलाच्या घरी मयत झाली तर सोयऱ्याधायऱ्यांच्या गावी ती वार्ता त्याने पायी पोचवावयाची, मग ऊन असो, पाऊस असो की मध्यरात्र असो. दवंडी त्याने पिटावयाची. वसुलाचा भरणा घेऊन निघालेल्या माणसाची सोबत त्याने करावयाची. या अखंड राबणुकीबद्दल मिळे काय? थोडी वतनी जमीन आणि बलुत्याची भाकरी, तीही दारोदार हात पसरून. आजच्या भाषेत बोलावयाचे तर टपाल खाते, तार खाते, दूरध्वनी आणि वर्तमानपत्र ही सारी खाती एका माणसाच्या पायांवर चालत होती, आणि त्या माणसाला पगार नव्हता, सुटी नव्हती, नकार देण्याचा अधिकार तर मुळीच नव्हता.

यातील मर्म असे की तो साऱ्या गावाची वार्ता वाहत होता, पण त्याची स्वतःची वार्ता मात्र कोणीच ऐकत नव्हते. त्याच्या घरी मूल उपाशी निजले ही वार्ता नव्हती. निरोप्या आणि निवेदक यांत केवढे अंतर आहे! निरोप्याच्या तोंडी दुसऱ्याचे शब्द असतात. निवेदकाच्या तोंडी स्वतःचे असतात. परमपूज्य बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० रोजी आपल्या पहिल्या पत्राचे नाव ‘मूकनायक’ असे ठेवले, त्यातील ‘मूक’ या शब्दाचा अर्थ आम्ही असाच लावतो. शतकानुशतके जो निरोप सांगत फिरला, तोच मुका होता.

१९२७ हे साल या दृष्टीने विशेष पाहण्यासारखे आहे. त्या वर्षी याच पुणे जिल्ह्यातून हिंदुस्थान आणि इंग्लंड यांच्यामध्ये बिनतारी संदेशवहन सुरू झाले. प्रक्षेपण खडकीहून आणि ग्रहण दौंडला, अशी व्यवस्था होती. त्याच वर्षीच्या २३ जुलैस मुंबईचे नभोवाणी केंद्र उघडले. आणि त्याच वर्षीच्या २० मार्चला महाडला दहा हजारांच्या जनसमुदायाला तळ्यावर चालत जाऊन ओंजळभर पाणी प्यावे लागले, आणि ते प्यायल्याबद्दल मार खावा लागला. हजारो कोसांवर शब्द क्षणात जाऊ लागला, पण गावातून वस्तीपर्यंतचे दोनशे पावलांचे अंतर काही तुटले नाही. ‘बहिष्कृत भारत’ त्यानंतर दोनच आठवड्यांनी, ३ एप्रिलला निघाले. बाबासाहेबांनी यंत्राची वाट पाहिली नाही. त्यांनी छापखान्याचे खिळे हाती घेतले. मार्च १९२८ मध्ये त्यांनी मुंबई कायदे कौन्सिलात वतनविषयक सुधारणेचे बिल आणले, त्यामागेही हाच हेतू होता की या समाजाच्या गळ्यातील निरोप्याचे जोखड उतरावे. ते जोखड कायद्याने उतरावयास १९५९ साल उजाडावे लागले. तत्पूर्वीच १९५६ च्या धम्मदीक्षेने गावोगावच्या आमच्या बांधवांनी दवंडीची हलगी आणि मेलेले ढोर ही दोन्ही ओझी आपण होऊन खाली ठेवली होती. कायदा त्यांच्या मागून आला.

नभोवाणीचे म्हणाल, तर बाबासाहेब त्या यंत्रासमोर बसले तेव्हा काय बोलले? ३ ऑक्टोबर १९५४ रोजी आकाशवाणीवरील भाषणात त्यांनी आपले तत्त्वज्ञान स्वातंत्र्य, समता आणि बंधुता या तीन शब्दांत सांगितले, आणि हे शब्द आपण फ्रेंच राज्यक्रांतीकडून उसने घेतले नसून आपले गुरू भगवान बुद्ध यांच्या शिकवणुकीतून घेतले आहेत, असे स्पष्ट केले. मे १९५६ मध्ये बी.बी.सी. वरून आपल्याला बौद्ध धम्म का आवडतो हे त्यांनी जगाला सांगितले. यंत्र सरकारचे होते, परकीयांचे होते, पण त्यातून निघालेला शब्द त्यांचा स्वतःचा होता.

आता आजच्या काळाकडे वळू. वारूळवाडीच्या रस्त्यावर उभे राहून पाहावे तर प्रत्येक हातात मोबाइल आहे. नारायणगावच्या टोमॅटोच्या बाजारात सकाळी गाड्या लागण्यापूर्वीच दिल्लीचा आणि गुजरातचा भाव शेतकऱ्याच्या कानी आलेला असतो. जुलै २०२३ मध्ये टोमॅटोचे भाव कडाडले, तेव्हा याच तालुक्यातील काही बागायतदारांना कोट्यवधींचे उत्पन्न झाल्याच्या बातम्या साऱ्या देशाने वाचल्या. आनंद आहे. परंतु भावाची वार्ता त्यालाच उपयोगी पडते ज्याच्यापाशी विकावयास माल असतो. त्याच शेतात टोमॅटो तोडणाऱ्या बाईच्या कमरेलाही मोबाइल असेल, तिलाही भाव कळला असेल. तिच्या मजुरीत त्याने किती भर पडली? वार्तेला किंमत येते ती जमिनीमुळे. ज्याला जमीन नाही त्याला त्याच यंत्रातून करमणूक तेवढी मिळते, आणि तिचेही पैसे मोजावे लागतात. जुलै २०२४ मध्ये तिन्ही मोठ्या खाजगी कंपन्यांनी एकाच सुमारास आपले दर वाढविले, तेव्हा दुपटीने भुर्दंड कोणाला बसला हे सांगावयास नको.

शिवाय ‘प्रत्येक हातात मोबाइल’ हे आम्ही आताच लिहिले खरे, पण तो हात बहुधा पुरुषाचा आहे. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत असे दिसले की, ज्या मोबाइलचा वापर स्वतः करता येतो असा मोबाइल ग्रामीण भागातील निम्म्याहून कमी स्त्रियांपाशी होता. इंटरनेट कधी तरी वापरलेल्या स्त्रिया शंभरात ३३ होत्या, पुरुष ५७. आता शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीच्या संकेतस्थळावर भरावयाचा, आधाराशी जोडलेल्या क्रमांकावर येणारा गुप्त अंक त्यात घालावयाचा, आणि तो क्रमांक वडिलांच्या खिशात, वडील मुंबईला कामावर! वसतिगृहात राहून शिकणाऱ्या आमच्या एखाद्या मुलीचा अर्ज अशाने अडला, तर तिला अडविणारा मनुष्य समोर दिसत नाही. पूर्वी निदान कचेरीतील कारकून दिसत असे, त्याच्याशी भांडता येत असे. अदृश्य कारकुनाशी भांडण्याची विद्या आमच्या तरुणांनी शिकली पाहिजे, आणि जी मुले ती शिकली आहेत त्यांनी अर्जांच्या मुदतीच्या दिवसांत विहारात टेबल मांडून बसले पाहिजे. वंदना झाल्यावर विहाराला कुलूप लागते, ही रीत आम्हास पसंत नाही.

अलीकडे व्यापारी अहवालांतून ‘उदयोन्मुख बाजारपेठ’ हा शब्द वारंवार येतो. आफ्रिका खंडातील देशांना तो फार लावतात. तेथे किती माणसे आहेत, किती जणांपाशी अजून मोबाइल नाही, किती जणांना तो विकता येईल, असा सारा हिशेब. २०१० साली आपल्याच देशातील एका मोठ्या कंपनीने, एअरटेलने, आफ्रिकेतील पंधरा देशांचा मोबाइल व्यवसाय सुमारे १०७० कोटी डॉलरना विकत घेतला. माणसाला बाजारपेठ म्हणून मोजणे म्हणजे त्याच्या खिशाला मोजणे. आमच्या वस्त्यांनाही आता अशीच मोजणी लागू झाली आहे. शिरगणतीत आम्हास जात म्हणून मोजले, आता ग्राहक म्हणून मोजतात. नागरिक म्हणून मोजणी व्हावयाची ती राहूनच गेली.

तथापि आफ्रिकेपासून आम्हास शिकण्यासारखे पुष्कळ आहे. मार्च २००७ मध्ये केनियात ‘एम-पेसा’ नावाची व्यवस्था सुरू झाली. यातील ‘पेसा’ हा स्वाहिली शब्द आपल्या पैशाचाच भाऊ शोभतो. बँकेत खाते नसलेला नैरोबीतील मजूर कोपऱ्यावरील दुकानदाराकडे रोकड भरतो, मोबाइलवरून संदेश जातो आणि खेड्यातील आई तेथील दुकानदाराकडून ती रोकड घेते. मुंबईच्या गिरणीत किंवा गोदीत राबणाऱ्या आमच्या वडीलधाऱ्यांची मनिऑर्डर ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे सारे ओळखीचे वाटेल. फरक एवढाच की तेथे यंत्र गरिबाच्या गरजेभोवती बांधले गेले, गरिबाला यंत्राच्या अटींभोवती वाकावे लागले नाही. तीच व्यवस्था २०१३ साली एका विदेशी कंपनीने आपल्याकडे आणली, पण काही वर्षांतच गुंडाळली.

परंतु याहूनही महत्त्वाची गोष्ट दक्षिण आफ्रिकेची आहे. वर्णद्वेषाच्या राजवटीतून सुटलेल्या त्या देशाने २००५ साली इलेक्ट्रॉनिक दळणवळणाचा कायदा केला. दूरसंचाराचा मोठा परवाना ज्याला हवा असेल, त्याच्या भांडवलात किमान तीस टक्के वाटा इतिहासाने ज्यांना डावलले अशा समूहांचा असला पाहिजे, अशी अट त्यामुळे आली. काम करणाऱ्यांत वाटा नव्हे, मालकीत वाटा! त्यामागील विचार साधा आहे. हवेतील तरंग कोणाच्या बापाचे नाहीत. ते जनतेचे आहेत. जनतेची वस्तू वापरून नफा कमवावयाचा असेल तर ज्यांना पिढ्यान्पिढ्या बाहेर ठेवले त्यांना आत घ्या. स्टारलिंक या उपग्रह-इंटरनेटच्या अमेरिकन कंपनीला ही अट मान्य नाही. तिच्या निमित्ताने २०२५ साली तेथे मोठा वाद झाला, आणि भांडवलातील वाट्याऐवजी इतर मार्गांनी गुंतवणूक करून अट भागविण्याची मुभा देण्याचे धोरण तेथील मंत्र्यांनी पुढे आणले. तेथील जनता त्यावर भांडत आहे. त्याच कंपनीला जून २०२५ मध्ये भारत सरकारचा परवाना मिळाला, तेव्हा डावललेल्या जातींच्या वाट्याविषयी येथे कोणी अवाक्षर तरी काढले काय? अटच नाही, तर वाद कोठून होणार!

तरंग जनतेचे आहेत हे काही दक्षिण आफ्रिकेनेच म्हटले आहे असे नव्हे. आमच्या सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी १९९५ मध्ये, क्रिकेटच्या प्रक्षेपणावरून झालेल्या खटल्यात, हेच सांगितले की हवेतील तरंग ही सार्वजनिक संपत्ती आहे. निकाल झाला, पण त्यातील ‘जनता’ या शब्दात आम्ही आहो की नाही, हे कोणी विचारले नाही. पूर्वी टपाल आणि तार हे सरकारी खाते होते. परदेशी दळणवळणाचे खातेही सरकारी होते. आर्वीचे केंद्र त्याचेच. या खात्यांत राखीव जागा होत्या. त्या जागांवर आमच्या समाजातील पहिल्या पिढीचे तारमास्तर, दूरध्वनी चालक, लाइनमन, अभियंते लागले. त्यांच्या पगारावर घरे उभी राहिली, मुले शिकली, आणि या पाक्षिकासारख्या पत्रांच्या वर्गण्याही आल्या. निरोप्याचे मूल पगारी तारमास्तर झाले, ही क्रांती लहान नव्हती. पुढे १९८६ साली परदेशी दळणवळण खात्याची विदेश संचार निगम ही कंपनी झाली. २००२ साली तिचा कारभार टाटांकडे गेला. २००० साली दूरसंचार खात्याचा कामकाजाचा भाग भारत संचार निगम झाला, आणि २०२० च्या आरंभी या निगमाचे सुमारे ७८ हजार कर्मचारी स्वेच्छानिवृत्तीच्या नावाखाली एका दिवसात घरी गेले. खाजगी कंपनीत राखीव जागा नाहीत. अशा रीतीने घटनेच्या सोळाव्या कलमाला हात न लावता, त्यातील एक अक्षरही न खोडता, दूरसंचाराच्या क्षेत्रातून आमचा वाटा निघून गेला.

‘गुणवत्तेचे काय?’ हा प्रश्न येईलच. तो आम्ही सत्तर वर्षे ऐकत आहो, त्यास नवे उत्तर नाही. कायद्याचे म्हणाल तर २००५ च्या घटनादुरुस्तीने खाजगी शिक्षणसंस्थांतील प्रवेशास आरक्षण लागू करण्याची वाट मोकळी झालीच आहे. मग सार्वजनिक तरंगांवर जगणाऱ्या कंपन्यांच्या परवान्यात अशी अट घालण्यास कोणते कलम आडवे येते? या मागणीचे ठराव गावोगावच्या शाखांनी करावेत आणि ते लोकसभेतील आपल्या सभासदाकडे पाठवावेत, अशी आमची सूचना आहे. पत्र पोच मिळेल अशा टपालाने पाठवावे.

वार्ता सांगण्याच्या क्षेत्रात तर स्थिती याहूनही वाईट. २०१९ सालच्या एका अभ्यासात देशातील वृत्तपत्रे, वाहिन्या आणि नियतकालिके यांच्या नेतृत्वाच्या १२१ जागा तपासल्या गेल्या. त्यांपैकी १०६ जागी तथाकथित उच्च जातींचे लोक होते. अनुसूचित जाती-जमातींचा त्यांत एकही नव्हता. नारायणगावचेच उदाहरण घ्या. ही तमाशाची पंढरी. यात्रांच्या हंगामात येथे फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे पुढारी सुपारी द्यावयास येतात. विठाबाई नारायणगावकर याच मातीतल्या, राष्ट्रपतींनी गौरविलेल्या. या कलेचा पाया ज्या जातींनी घातला, त्यांतील कलावंतिणीचे गाणे आज कोणी तरी मोबाइलवर टिपतो, आपल्या वाहिनीवर टाकतो, लाखो लोक पाहतात आणि जाहिरातीचे पैसे त्याच्या खात्यात जमा होतात. नाचली कोण, गायली कोण, आणि मिळविले कोणी? बलुत्याची पद्धत मोडली असे आम्ही म्हणतो; ती नव्या यंत्रात शिरली की काय, याचा शोध घेतला पाहिजे.

असे सगळीकडेच असते असे मात्र समजू नये. आजच्या तेलंगणातील माचनूर येथे २००८ सालापासून दलित स्त्रियांनी चालविलेले ‘संगम रेडिओ’ हे समुदाय नभोवाणी केंद्र आहे. शेतमजुरी करणाऱ्या बायका तेथे ध्वनिमुद्रण करतात आणि स्वतःच्या बोलीत बियाण्यांवर, सणांवर, मजुरीवर बोलतात. २००६ सालच्या धोरणाने स्वयंसेवी संस्थांनाही अशी केंद्रे काढण्याची परवानगी मिळाली आहे. आमच्याच सातारा जिल्ह्यात म्हसवडला स्त्रियांचे असे केंद्र चालते. जुन्नर-आंबेगावात बौद्ध संस्थांनी मिळून असे एखादे केंद्र का काढू नये? खोडदच्या दुर्बिणीमुळे या भागात प्रक्षेपणावर निर्बंध आहेत, आणि ते योग्यच आहेत. विज्ञानाच्या कामात गोंगाट करावा असे बुद्धाचा कोणताही अनुयायी म्हणणार नाही. पण परवानगी कोठे मिळते, किती शक्तीच्या यंत्रास मिळते, याची चौकशी तरी आपण केली आहे काय? आणि नभोवाणी नसेल तर इंटरनेटवरून बोलता येते. त्यास कोणाचा परवाना लागत नाही.

या डोंगरांनी एकदा असे दिवस पाहिलेही आहेत. जुन्नरच्या भोवती दोनशेहून अधिक लेणी आहेत. मानमोडीच्या, शिवनेरीच्या, लेण्याद्रीच्या कड्यांत ब्राह्मी लिपीत कोरलेले लेख आहेत. त्यांत राजे थोडे आणि सामान्य माणसे फार. बांबूकाम करणाऱ्यांच्या श्रेणीचे नाव तेथे आहे, कासारांच्या श्रेणीचे आहे, धान्याच्या व्यापाऱ्यांचे आहे. परदेशातून आलेले यवन उपासकही आपले नाव भिंतीवर ठेवून गेले आहेत. ती भिंत त्या काळचे वर्तमानपत्रच होते, आणि बुरुडाला त्यात आपल्या नावाने लिहिता येत होते. पुढे ती लिपी वाचणारे उरले नाहीत. अक्षरे तशीच राहिली, पण त्यांतील वार्ता बंद पडली. आणि वार्ता बंद पडल्यावर लेण्याद्रीच्या विहारात कोणाची स्थापना झाली, हे जुन्नरला जाणारा प्रत्येक प्रवासी पाहतो. १८३७ च्या सुमारास जेम्स प्रिन्सेपने ब्राह्मीचा उलगडा केला तेव्हा कोठे त्या भिंती पुन्हा बोलू लागल्या.

सरकारने ग्रामपंचायतींपर्यंत काचतंतूची तार नेण्याची योजना २०११ साली मंजूर केली. पुढे तिचे नाव भारतनेट झाले. रस्त्याकडेला चर खणून ती तार गावोगाव गेली. चर खणणारे हात कोणाचे होते हे आम्ही विचारीत नाही, ते सर्वांना माहीत आहे. आम्ही विचारतो ते एवढेच की या योजनेचे माप ग्रामपंचायत हे का? ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत बाबासाहेबांनी खेड्याविषयी जे कठोर उद्गार काढले, त्यांवर तेव्हा अनेकांनी नाके मुरडली. खेडे हे एकसंध नाही, त्यात गाव आणि वस्ती अशी दोन राष्ट्रे नांदतात, असा अर्थ आम्ही त्यांतून घेतो. तार पंचायतीच्या कचेरीत पोचली की कागदावर गाव जोडले गेले. कचेरीपासून वस्तीतील शाळेपर्यंत, विहारापर्यंत, अभ्यासिकेपर्यंत ती कोण नेणार? त्यासाठी पैसा आहे. कंपन्यांच्या उत्पन्नातून कापलेला सार्वत्रिक सेवेचा निधी २००२ पासून जमा होत आहे, आणि २०२३ च्या दूरसंचार कायद्याने त्यास डिजिटल भारत निधी असे नवे नाव दिले आहे.

तेव्हा वारूळवाडीच्या आणि आसपासच्या वाचकांनी येत्या ग्रामसभेत एक अर्ज द्यावा. आपल्या गावी भारतनेटची तार कोठवर आली आहे, ती चालू आहे की बंद, आणि वस्तीतील सार्वजनिक जागेस तिची जोडणी कधी मिळेल, एवढे तीन प्रश्न त्यात असावेत. अर्जावर स्त्रियांच्या सह्या अगोदर घ्याव्यात. ग्रामपंचायतीची पोच घ्यावी, आणि उत्तर आल्यावर त्याची नक्कल या पाक्षिकाकडे पाठवावी. ती आम्ही गावाच्या नावासह छापू.